पहिलं टेबल मांडताना: छापील कार्ड, सनबोर्ड की एमडीएफ?

टेबलावर खेळायच्या लढाईची मिनिएचर, म्हणजे छोट्या बाहुल्या, रंगवून झाली, नियम वाचून झाले आणि टेबलावर अजून नुसतीच चादर अंथरलेली. बहुतेक जण इथेच अडतात. फ्रॉस्टग्रेव्ह या मिनिएचरच्या खेळाचं उदाहरण घ्या. २०१५ साली आलेला हा खेळ ३ बाय ३ फुटांवर होतो, टोळीत मांत्रिक धरून जास्तीत जास्त १० जण असतात आणि जागा म्हणजे बर्फातून वर आलेलं पडकं शहर. भिंतीच नसतील तर तिरंदाज लांबूनच सगळ्यांना टिपतात आणि खेळात काही राम राहत नाही. पंधरा-वीस तुकडे तरी हवेतच: घरं, ढासळलेल्या भिंती, कमानी, एखादी विहीर. हे सगळं कशाचं करायचं, हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. सुरुवात छापील कार्डाने करा. ज्या भिंती हाताळल्या जाणार, ज्यांच्यावर मिनिएचर चढणार, त्या सनबोर्डवर (पाट्या-फलकांचा हलका पीव्हीसी फोमचा बोर्ड) चिकटवा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नंतर.

कार्डाला कमी लेखू नका. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने १९९५ साली नेक्रोमुंडा या टोळीयुद्धाच्या खेळाचा पहिला बॉक्स काढला, त्यातल्या भिंती आणि मजले छापील कार्डाचेच होते, प्लॅस्टिकच्या खांबांनी एकमेकांत अडकवलेले. आज तेच काम पीडीएफ करते. फाइल एकदा विकत घेतली की तेच घर आपल्या टेबलासाठी हवं तितक्या वेळा छापता येतं. एखादं चहा सांडून खराब झालं तर पुन्हा छापायचं. डेव्ह ग्रॅफम मॉडेल्स ही कागदी घरांच्या पीडीएफ विकणारी कंपनी. तिच्या फाइलींमध्ये थर (लेयर) असतात. भिंत दगडी की लाकडी, छप्पर कुठलं, हे छापण्याआधी निवडता येतं, म्हणून एकाच फाइलमधून चार वेगळी घरं निघतात. (थर मोबाइलवर बहुधा दिसत नाहीत. कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्येच उघडा.)

मापाच्या बाबतीत तर कार्डाला तोडच नाही. २८ मिमीच्या (म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या) मिनिएचरसाठी काढलेलं घर साधारण १:५६ प्रमाणात असतं. तेच ७८ टक्क्यांवर छापलं तर १:७२ च्या प्लॅस्टिक सैनिकांना चालतं, आणि ५६ टक्क्यांवर छापलं तर १५ मिमीच्या मिनिएचरला (साधारण १:१००). लाकडाचं घर असं लहान-मोठं करता येत नाही.

कार्ड निवडलंत तर पुढचा निर्णय प्रिंटरचा. घरच्या इंकजेटची शाई कागदात मुरते, त्यामुळे घडीवर रंग फुटत नाही. पण बहुतेक इंकजेटची शाई पाण्याला नाजूक असते. ओला फेविकॉल छपाईवर आला की डाग पडलाच. दुकानातल्या लेझर प्रिंटचं नेमकं उलटं. टोनर कागदाच्या वर बसतो, पाण्याला दाद देत नाही, पण घडी घातली की तिथे सोलवटतो आणि खालचा पांढरा कागद दिसतो. मी घरं इंकजेटवर छापतो आणि ज्यांना घडीच नाही, असे रस्ते, फरशा, चौक लेझरवर. कागद २०० जीएसएमचा (चौरस मीटरला २०० ग्रॅम) घ्या. त्याहून जाड कागद बरेच घरगुती प्रिंटर ओढत नाहीत.

माझी एक चूक तुमची होऊ नये म्हणून सांगतो. एका घराच्या भिंती मी घरी पूर्ण मापात छापल्या आणि शाई संपल्यामुळे छप्पर दुकानातून छापून आणलं. फाइल अमेरिकन लेटर आकाराची, म्हणजे २१६ मिमी रुंद, आणि आपला ए४ कागद २१०. दुकानात ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू होता, त्यामुळे छप्पर ९७ टक्क्यांवर आलं. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण १५० मिमीच्या भिंतीवर ते छप्पर चार मिमी आखूड पडलं आणि बसेचना. तेव्हापासून मी प्रत्येक पानावरची एक इंचाची खूण पट्टीने मोजल्याशिवाय कात्री उचलत नाही. ती २५.४ मिमी भरली पाहिजे.

आता कार्डाच्या घराचं रूप ज्यावर ठरतं त्या दोन गोष्टी. पहिली, घडी. कागद तसाच दुमडू नका. रिफिल संपलेलं बॉलपेन घ्या, स्टीलची पट्टी धरा आणि घडीच्या रेघेवरून दाबून एकदा ओढा. कागद कापला जात नाही, नुसती खाच पडते आणि कोपरा तलवारीसारखा सरळ येतो. दुसरी, कडा. कापलेल्या कार्डाची पांढरी कड हातभर अंतरावरूनही डोळ्यात खुपते आणि घर कागदाचं आहे हे तिथेच कळतं. चिकटवण्याआधी प्रत्येक कडेवरून राखाडी किंवा तपकिरी स्केचपेन आडवं धरून फिरवा. दगडी भिंतीला राखाडी, लाकडाला तपकिरी. घरामागे दहा मिनिटं जातात, पण कडा रंगवलेलं आणि न रंगवलेलं घर शेजारी ठेवून पाहा, मग मी याचा एवढा आग्रह का धरतोय ते कळेल.

कार्डाची खरी उणीव वजनाची आहे. २०० जीएसएमचं ए४ पान साडेबारा ग्रॅमचं. चार पानांचं घर, कातरण वजा जाता, ५० ग्रॅमही भरत नाही. वर पंखा फुल स्पीडवर असेल तर ते जागचं सरकतं. तळाला जाड पुठ्ठा लावा आणि आतून चारही कोपऱ्यांत लोखंडी वॉशर चिकटवा. दुसरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर मोठ्या सपाट भिंती पोट काढतात. आतून पुठ्ठ्याच्या आडव्या पट्ट्या लावल्या, बाहेरून मॅट वार्निशचे दोन-तीन पातळ हात दिले आणि घरं सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवली तर निभावतं.

जाडीचा हिशेबही पाहा. पाव मिमी कार्ड १:५६ प्रमाणात फक्त दीड सेंटिमीटरची भिंत होते. बंद घरात ते दिसत नाही, पण पडक्या घरात भिंतीची जाडीच तर दिसते. ५ मिमीचा बोर्ड त्याच प्रमाणात २८ सेंटिमीटर, म्हणजे अकरा इंची दगडी भिंत. त्यामुळे पडझड दाखवायची तर बोर्ड हवाच. फोमबोर्ड (दोन कागदांमध्ये फोम असलेला बोर्ड) कापायला सोपा असतो, पण कटरचं पातं नवं हवं, नाहीतर आतला फोम ओरबाडला जातो. त्यावर स्प्रे पेंट थेट मारू नका, आतला फोम विरघळतो. मला सनबोर्ड जास्त आवडतो. बोर्ड-फ्लेक्स करणाऱ्यांकडे त्याच्या कातरणी सहज मिळतात आणि दमट हवेत तो वाकत नाही. त्यावर फेविकॉल नीट धरत नाही, म्हणून भिंतीचं चित्र ए४ स्टिकर पेपरवर छापायचं आणि एका कडेने हळूहळू बसवत जायचं. एकदा चिकटलं की उचलता येत नाही, तेवढं भान ठेवा.

लेझरने कापलेलं ३ मिमी एमडीएफ मजबूत असतं, खाचांत खाचा बसतात आणि एका संध्याकाळी घर उभं राहतं. पण बहुतेक वेळा ते तपकिरी, कोरं येतं. कडा लेझरने जळून काळ्या झालेल्या, कोपऱ्यांवर खाचांचे चौकोन दिसणारे. प्रायमर, रंग, पोत, सगळं आपणच करायचं. शिवाय पाणी लागलं की फुगतं. ज्यांना रंगवायची मनापासून आवड आहे, किंवा जे दर आठवड्याला टेरेन (टेबलावरची ही घरं-भिंती) क्लबात नेतात, त्यांनी जरूर घ्यावं. थ्रीडी प्रिंटिंगचंही तसंच. मशीन आधीच घरात असेल तर उत्तम, पण एका घराला तासन् तास लागतात आणि रंगकाम उरतंच. पीएलएची (थ्रीडी प्रिंटरमधलं नेहमीचं प्लॅस्टिक) घरं मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, साठेक अंशांना ते मऊ पडतं.

जागेचा प्रश्न असेल तर विचारच नको. छप्पर आणि तळ सुटे ठेवून आणि एक कोपरा न चिकटवता केलेली कार्डाची घरं घडी होऊन कागद ठेवायच्या फाइलमध्ये जातात. दोन खोल्यांच्या घरात याचं मोल फार आहे. टेकड्या आणि खडकांसाठी मात्र छापील काही घेऊ नका. दिवाळीत किल्ला केलेल्या हातांना पोतं आणि माती यांचं काम शिकवावं लागत नाही. पोत्याच्या जागी पुठ्ठ्याचे थर आणि मातीच्या जागी कागदाचा लगदा, एवढाच बदल.

पहिल्या शनिवार-रविवारी एकच बंद घर करा, साध्या उतरत्या छपराचं, आणि सनबोर्डचे दोन पडके कोपरे. कोपरा म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन भिंती, वरची कड कटरने वेडीवाकडी तोडलेली, एका भिंतीत खिडकी. खिडकीची खालची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे मागच्या तिरंदाजाचं डोकं आणि धनुष्य दिसेल आणि बाकी अंगाला आडोसा मिळेल.