रोज एक अंडे: एका साध्या खाद्यवस्तूचे परीक्षण

निरोगी प्रौढ माणसाने रोज एक अख्खे अंडे खाण्यास हरकत नाही, हा माझा निष्कर्ष मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो; कारण अंड्याविषयीचे बरेचसे लेखन वाचकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवते आणि अखेरीस डॉक्टरांना विचारा एवढे सांगून मोकळे होते. मात्र ‘हरकत नाही’ म्हणणे निराळे आणि ‘खायलाच हवे’ म्हणणे निराळे. जाहिराती या दोहोंची सर्रास गल्लत करतात, म्हणून हे परीक्षण थोडे तपशिलात जाऊन करावे लागते.

प्रथम वस्तूत काय आहे ते पाहू. मोठ्या आकाराच्या अंड्यात कवच वगळता सुमारे ५० ग्रॅम ऐवज असतो. त्यातून साधारण ७० ते ७५ किलोकॅलरी ऊर्जा, सहा ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने आणि पाच ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश मिळतो. या स्निग्धांशापैकी संपृक्त (सॅच्युरेटेड) भाग दीड ग्रॅमच्या जवळपास असतो. प्रथिनांचा दर्जा उत्तम आहे, कारण शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी नऊही अमिनो आम्ले त्यांत योग्य प्रमाणात असतात. पिवळा बलक काढून टाकून केवळ पांढरा भाग खाणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही की, बलकाबरोबर सुमारे चाळीस टक्के प्रथिनेही बाहेर जातात. शिवाय अ, ड आणि ब-१२ ही जीवनसत्त्वे, डोळ्यांच्या पडद्याला उपयुक्त असलेले ल्युटीन आणि मेंदू व यकृताच्या कामाला लागणारे सुमारे १५० मिलिग्रॅम कोलीन हा सारा ठेवा मुख्यतः बलकातच असतो.

त्याच वेळी अंड्यात तंतुमय पदार्थ अजिबात नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. त्यामुळे त्याला पूर्णान्न म्हणण्याची रूढी मला पटत नाही. कोंबडीचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकते, माणसाचे करू शकत नाही. तेव्हा पिल्लाला पुरणारी शिदोरी माणसालाही पुरेल असे समजण्याचे कारण नाही.

आता मुख्य आक्षेप कोलेस्टेरॉलचा. एका अंड्यात ते सुमारे १८५ मिलिग्रॅम असते आणि सगळे बलकात असते. या भीतीचे मूळ बरेच जुने आहे. १९१३ साली रशियन संशोधक निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत थर साचतात असे दाखवले. प्रयोग महत्त्वाचा होता, पण ससा हा शुद्ध शाकाहारी प्राणी आहे आणि आहारातून आलेले कोलेस्टेरॉल हाताळण्याची त्याच्या शरीराला सवय नसते. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत, असा सल्ला दिला. तो सल्ला जगभर पसरला आणि अनेक घरांत बलक काढून टाकण्याची सवय रुजली.

माणसाच्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. आहारातून जास्त आले की यकृत सामान्यतः आपले उत्पादन कमी करते. त्यामुळे बहुतेकांच्या रक्तातील पातळी अंड्याने फारशी हलत नाही. काहींची मात्र ठळकपणे वाढते, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही. याचे टोकाचे उदाहरण १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले होते. दिवसाला २५ अंडी खाणाऱ्या ८८ वर्षांच्या एका गृहस्थांचे रक्तातील कोलेस्टेरॉल सामान्य आढळले. त्यांचे शरीर त्यातले फार थोडे शोषून घेत होते आणि बरेचसे पित्ताम्लांत बदलून टाकत होते. हा अर्थात एका माणसाच्या प्रकृतीचा चमत्कार आहे, अनुकरणाचा धडा नव्हे. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवण्यात आहारातील संपृक्त स्निग्धांशाचा हात अधिक मोठा असतो, कारण त्यामुळे रक्तातून एलडीएल उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते. अमेरिकेच्या २०१५ ते २०२० या काळासाठीच्या आहार-मार्गदर्शिकेतून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा काढून टाकण्यात आली; तरीही आहारातील कोलेस्टेरॉल शक्य तेवढे कमी असावे हा सल्ला तिच्यात कायम राहिला, हे सांगायला अंड्याचे समर्थक बहुधा विसरतात.

मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. चीनमधील सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीवर आधारलेल्या २०१८ च्या शोधनिबंधात रोज अंडे खाणाऱ्यांमध्ये, अंडे न खाणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ११ टक्क्यांनी कमी आढळला. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेतील २९,६१५ प्रौढांच्या माहितीवरून निघालेला निष्कर्ष नेमका उलट होता: दररोज अर्धे अंडे वाढले की हृदयविकाराचा धोका सहा टक्क्यांनी वाढलेला दिसतो. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढत नसल्याचे मांडले. वाचक वैतागला तर नवल नाही. पण या सर्व निरीक्षणात्मक पाहण्या आहेत. लोकांनी प्रश्नावलीत स्वतः दिलेली माहिती हा त्यांचा आधार असतो, आणि २०१९ च्या अभ्यासात तर आहाराची नोंद मुळात एकदाच घेऊन त्यानंतर अनेक वर्षे लोकांचा पाठपुरावा केला गेला. इतक्या वर्षांत माणसाचे खाणेपिणे तेच राहते असे कोण म्हणेल? शिवाय एके ठिकाणी अंड्याबरोबर खारवलेले मांस आणि तळलेले बटाटे येतात, तर दुसरीकडे अंडे परवडणे हेच बऱ्या आर्थिक स्थितीचे लक्षण असते. अंड्याला या सोबत्यांपासून गणिताने पूर्णपणे वेगळे काढणे अवघड आहे, म्हणून कोणत्याही एका मथळ्यावर मी माझे मत बेतलेले नाही. सगळे पुरावे एकत्र ठेवून पाहता, दिवसाला एका अंड्याने निरोगी माणसाचे लक्षणीय नुकसान होते असे दिसत नाही. तसाच, न खाणाऱ्याने मुद्दाम सुरू करावे इतका मोठा लाभही दिसत नाही.

हा निर्णय सर्वांना सरसकट लागू होत नाही. आनुवंशिक कारणाने ज्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असते, आणि अशी व्यक्ती साधारण अडीचशेंत एक आढळते, त्यांनी रोजचे अंडे स्वतःच्या मनाने ठरवू नये. मधुमेहींच्या बाबतीत काही पाहण्यांत धोका वाढलेला दिसला आहे. याउलट सिडनीमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या व मधुमेह असलेल्या १४० जणांपैकी एका गटाला आठवड्यातील सहा दिवस दोन-दोन अंडी देऊनही तीन महिन्यांत एलडीएलमध्ये वाईट फरक पडला नाही. प्रयोग नेटका होता, पण त्याचा कालावधी अल्प होता आणि निधी अंडी-उत्पादकांच्या संस्थेकडून आलेला होता, या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच तो वाचावा.

रोज खायचेच तर ते कसे शिजवता याला माझ्या मते संख्येइतकेच महत्त्व आहे. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, लोण्यात सात ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्धांश असतो. चार अंड्यांत मिळूनही तेवढा नसतो. लोण्यात परतलेले अंडे खाऊन दोष अंड्याला देणे हा त्यामुळे सरळ सरळ अन्याय ठरतो. कच्चे अंडे ताकद देते या समजाला तर आधारच नाही: १९९८ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, कच्च्यातील मात्र ५१ टक्केच. कच्च्या पांढऱ्या भागातील अविडीन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवते, आणि साल्मोनेला जंतूंचा धोका राहतो तो वेगळाच. अंड्याचे पदार्थ आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत तापले की ही काळजी मिटते. दुसरे टोकही नको. फार वेळ उकळलेले अंडे कापले की बलकाच्या कडेने राखाडी-हिरवट कडे दिसते आणि गंधकाचा उग्र वास येतो. पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ते बनते. अपायकारक नसते, पण चव मात्र बिघडते.

खोक्यांवरील दाव्यांपैकी बहुतेक दावे मी दुर्लक्षित करतो. कवच तपकिरी की पांढरे हे कोंबडीच्या जातीवर अवलंबून असते, पोषणाशी त्याचा संबंध नाही. बलकाचा गडद केशरी रंग खाद्यातील रंगद्रव्यांमुळे येतो. ओमेगा-३ या मेदाम्लांनी युक्त अंड्यांचा दावा मात्र पोकळ नाही, कारण कोंबडीला जवस, माशाचे तेल किंवा शैवाल दिल्यास ती आम्ले बलकात खरोखरच उतरतात. तरीही त्यांचे नेमके प्रमाण किती, हे खोक्यावर छापलेले नसेल, तर जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. मी आधी तारीख पाहतो, मग झाकण उघडून एकेक अंडे किंचित फिरवून पाहतो. खाली चिकटून बसलेले अंडे बहुधा तडकलेले असते. ताजे अंडे बशीत फोडले की बलक घुमटासारखा उभा राहतो आणि त्याभोवतीचा पांढरा भाग दाट राहतो, तर जुन्याचा बलक चपटा पडून बाजूचे सारे पाण्यासारखे पसरते. असे पसरलेले अंडे वासाला ठीक असेल तर टाकून देण्याची गरज नाही. ते ऑम्लेटसाठी चालते, आणि उकडण्यासाठी तर थोडे जुने अंडेच बरे, कारण त्याचे कवच सहज सुटते.