पॅनल बदलायचे पैसे घेतले अन् पॅनल तेच जुनं, मॉनिटर रिपेअरला टाकणाऱ्यांनी वाचा

भावांनो, यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यात माझं ऑनलाईन सेंटर आहे, सातबारा, आधार, पीक विमा हीच कामं. जुलैत विम्याच्या गर्दीत नेमका १९ इंची मॉनिटर बिघडला. आधी सकाळी चालू केला की लुकलुक करायचा, गरम झाला की नीट चालायचा, मग चालू होऊन दोन सेकंदात काळा, पॉवरचा लाईट मात्र चालूच. बाहेर ओट्यावर लोकं कागदं घेऊन बसलेले, विम्याची तारीख तोंडावर.

तालुक्याच्या दुकानात नेला. त्यानं फक्त प्लग लावून पाहिला, खोललासुद्धा नाही, अन् म्हणे, "भाऊ, पॅनल गेलं तुमचं. वीज कडाडली असन तिकडं." (पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा आतला पडदा.) साडेतीन हजार, ओरिजिनल पॅनल नागपूरहून मागवतो म्हणाला. पैसे ऑनलाईन घेतले, बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसतं "रिपेअर" लिहून दिलं.

मॉनिटर चालू होऊन आला, पण आमच्या मॉनिटरले खाली उजवीकडं, घड्याळाच्या जरा वर, एक हिरवा ठिपका होता, घेतला तेव्हापासूनचा, स्क्रीन काळी झाली की चमकायचा. तो ठिपका तिथंच्या तिथं! नव्या पॅनलवर जुना ठिपका येईलच कसा? फोन केला तर म्हणे "राहते एखाद्यात तसं." जुनं पॅनल दाखव म्हटलं तर ते भंगारात गेलं म्हणे.

अन् काही दिवसात परत लुकलुक सुरू. मग यवतमाळला ओळखीच्या मेकॅनिककडं नेला, त्यानं माझ्यासमोरच खोलला. पॅनलवरच्या कंपनीच्या टेपा जशाच्या तशा, कोणी हातच लावला नव्हता. पॉवर बोर्डवर (मॉनिटरला वीज पुरवणारी आतली पाटी) दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे पार्ट) नवे, त्यांचं सोल्डर ताजं चमकत होतं, अन् बाजूचा तिसरा तसाच सोडलेला, टोपी फुगून वर आलेली (चांगल्या कपॅसिटरची टोपी सपाट राहते). दहा-वीस रुपयाचा माल होय हा. आपल्याकडं लाईन कमी-जास्त होत राहते, उन्हाळ्यात खोली तापते, त्यात हे कपॅसिटर लवकर जातात, त्याले पॅनल गेलं म्हणायचं अन् हजारो उकळायचे. शेतकऱ्याच्या पोराच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर असला तरी हे सोडत नाहीत, याचा खरा संताप येते.

म्हणून दुकानात नेण्याआधी घरीच पाहा. मॉनिटर चालू ठेवून मागची, कॉम्प्युटरकडून चित्र आणणारी व्हीजीए किंवा एचडीएमआय केबल काढा, स्क्रीनवर नो सिग्नल किंवा केबल तपासा असं काही स्वच्छ उमटलं तर पॅनल जिवंत आहे, गडबड केबलमध्ये नाहीतर सीपीयूत (कॉम्प्युटरच्या डब्यात), त्यातली रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवून परत बसवली तरी कितीदा चालू होते. रंग पिवळट-गुलाबी आला तर व्हीजीएची पिन वाकलेली असू शकते, ती पाहा. स्क्रीन काळी असन तर अंधारात तिरपा टॉर्च मारा, अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाईट (पडद्यामागचा उजेड) किंवा पॉवर बोर्डचं काम आहे. मेनूचं बटण दाबून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडला अन् त्याच्यावरूनही उभ्या रेषा गेल्या, किंवा काचेआत शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसला, तरच पॅनलचा संशय घ्या. अन् खरंच पॅनल गेलं असन तर नव्या मॉनिटरचा भाव आधी विचारा, पॅनल बदलायचा खर्च बहुतेक वेळा त्याच्या जवळपासच जाते. मॉनिटर स्वतः खोलू मात्र नका, प्लग काढला तरी पॉवर बोर्डच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये करंट राहते.

रिपेअरला द्यायचाच तर मागच्या सिरीयल नंबरचा अन् स्क्रीनवरच्या प्रत्येक डागाचा फोटो काढून ठेवा, काढलेला पार्ट परत पायजे हे पैसे द्यायच्या आधी सांगा, बिलावर पार्टचं नाव लिहून घ्या. मी ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाकली आहे, ठिपक्याचे आधीचे-नंतरचे फोटो अन् पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जोडून. त्याच दुकानात पॅनल बदललेले आणखी कोणी असतील तर तुम्हीही टाका.