कंपोस्टचा डबा: खत झकास, तोटी भिकार

गणपतीत घेतलेला डबा आता कैऱ्या बाजारात आल्या तरी चालू आहे, म्हणून लिहितेय. एकावर एक दोन डबे, मध्ये जाळी, खाली काळं पाणी काढायला तोटी. बहुतेकांनी पाहिलेला असेलच.

तर ती तोटी. दिवाळी संपते न संपते तोच तुंबली. पाणी आतच साठलं आणि असा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या, "काही मेलंय का गं?" कस्टमर केअरला फोन केला, तर म्हणे, "मॅडम, शिजवलेलं अन्न टाकलंत, वॉरंटीत बसत नाही." खोक्यावर ढळढळीत छापलंय, 'स्वयंपाकघरातला सगळा ओला कचरा'. मग उरलेला भात काय सुका कचरा आहे? नव्या तोटीचे कुरियरसकट जे पैसे सांगितले, ते ऐकून मी फोनच ठेवला. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून माठाची तोटी आणली, वॉशर घालून घट्ट बसवली आणि आतून तोंडाशी नारळाच्या शेंडीचा बोळा दाबला. तेव्हापासून थेंब थेंब का होईना, पाणी येतंय. मूळ तोटीचं भोक एवढं बारीक की चहाचा चोथा अडकणारच. हे कारखान्यात कुणाला दिसलं नाही?

भाताचा प्रश्न मात्र खरा आहे, हे मान्य. भात, आमटी, तेलकट भाजी यांचा लगदा होतो, आत हवा खेळत नाही आणि आंबूस वास येतो. मूठभर भात पाल्यात कालवून टाकला तर जिरतो, पातेलंभर नाही. मासळीचे काटे, मटणाची हाडं बाल्कनीतल्या डब्यात नकोतच. उंदीर आणि मांजर दोघंही येतात. बाकी भाज्यांची देठं, केळ्याची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची टरफलं, धुतलेला चहाचा चोथा, सगळं बिनधास्त. धुवायचा अशासाठी की साखरेला मुंग्या लागतात. अंड्याची टरफलं कुटून घाला, नाहीतर खतात जशीच्या तशी सापडतात. लिंबाच्या साली थोड्याच. मक्याची कणसं आणि कोयी कुजायला फार वेळ घेतात. मी कोयी टाकतच नाही.

कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, विटा आणि ते 'खास' जिवाणूंचं पाकीट दुसऱ्यांदा घेतलं नाही. सोसायटीचा माळी वाळका पाला फुकट देतो, त्याला तेवढंच ओझं कमी. एक वाटी ओल्यावर दोन वाट्या चुरलेला पाला, आणि विरजण म्हणून जुन्या खताची मूठ. वास आला की पाला वाढवायचा, कोरडं पडलं की पाणी शिंपडायचं.

पहिल्या पावसाळी आठवड्यांत करड्या, जाडजूड अळ्या बघून मी डबा परत करायला निघाले होते. एक तारा द्यायचा, असंही ठरवलं होतं. आता मत बदललंय. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ती माशी चावत नाही आणि अळ्या कचरा भराभर फस्त करतात. फक्त झाकण नीट लावायचं, नाहीतर रात्री फरशीवर फिरायला निघतात.

खत मात्र काळंभोर आणि भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास. छोट्या डब्यात मोठ्या ढिगाइतकी उष्णता होत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या बिया जिवंत राहतात. मोगऱ्याच्या कुंडीत सध्या मोगरा कमी आणि टोमॅटो जास्त आहे. उपटवत नाहीत, बाजारभाव बघता.

चार तारे. एक तारा तोटीचा कापला. घेणार असाल तर विक्रेत्यासमोरच डब्यात पाणी ओतून तोटी उघडून बघा.