आठ महिने, ५०० जीबी आणि ज्योतिबाचा गुलाल

परवा घरातली जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क भरली. अर्धी लग्नाच्या व्हिडिओंनी आधीच भरलेली होती, उरलेली मी आठ महिन्यांत संपवली. दिवाळीच्या तोंडावर नवी डिस्क म्हणजे काही हजारांचा चुराडा, त्या तिरमिरीतच हे लिहितोय. कॅमेरा कुठला ते सोडा. चोवीस मेगापिक्सेलचा, सेकंडहँड, सोबत १८-५५ लेन्स. त्याच्याशी वाकडं नाही, भांडण फाइलींशी आहे.

फेब्रुवारीत घेतला तेव्हा ठरवलं होतं, जेपेग एके जेपेग. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं रंग ठरवून, आवळून दिलेला तयार फोटो; रॉ म्हणजे सेन्सरचा कच्चा माल, शिजवायचा आपण. एक जेपेग साधारण १० एमबी, रॉ २५. ६४ जीबीच्या कार्डावर सहा हजार फोटो की अडीच हजार, हा हिशेब कुणालाही कळतो. भाचा म्हणाला, "मामा, रॉमध्येच काढायचं असतंय." म्हटलं, मग डिस्क तुझ्या बाबांना घेऊन द्यायला सांग.

चैत्र पौर्णिमेला ज्योतिबाच्या डोंगरावर गेलो. सासनकाठ्या नाचताहेत, गुलालानं माणसं ओळखू येत नाहीत, चांगभलंच्या गजरात मी बटण दाबतोय. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, मधनंमधनं बघत होतो. उजवीकडं जागा शिल्लक, म्हणजे काही जळालेलं नाही. घरी उघडले तर गुलालाच्या जागी ऑइलपेंट फासल्यासारखे सपाट गुलाबी डाग. दाणा नाही, पापणीवरची धूळ नाही. दोन रात्री डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. तो एकरंगी आलेख उजेड मोजताना हिरव्याला सर्वांत जास्त वजन देतो. लाल चॅनेल काठोकाठ भरून सांडलं तरी आलेख शांतच. त्यात उन्हात व्हाइट बॅलन्ससाठी, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून, कॅमेरा जेपेग करताना लाल जवळपास दुप्पट करतो. जेपेगला रंगामागं २५६ पायऱ्या, सांडलं ते गेलं. १४ बिट रॉला १६,३८४, आणि त्यात ती दुप्पट अजून झालेलीच नसते.

पुढच्या रविवारी पुन्हा डोंगरावर, या वेळी रॉ. गुलालाचा कण न् कण आला! लगेच भाच्याला फोन करून हार कबूल केली आणि त्या दिवसापासून बारशापासून बाजारापर्यंत सगळं रॉ.

वैशाखात गावच्या कुस्ती मैदानाला गेलो. जोड तुल्यबळ, हलगी कडकडतेय. मी सलग शटर दाबून धरलं. सात-आठ फ्रेम झाल्या, बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, भरलं, लाल दिवा लागला, कॅमेरा मुका. तेवढ्यात एका पैलवानानं घिस्सा डाव मारला आणि समोरचा चीतपट. माझ्याकडं आहे घिश्शाआधीची पकड आणि त्यानंतर डायरेक्ट फेटे उडवणारे लोक. महागडं वेगवान कार्ड घेऊन बघितलं. बफर लवकर रिकामं होतं, पण मोठं होत नाही. तेव्हा कुस्तीला पुन्हा जेपेग, व्हाइट बॅलन्स आधी लावून. जेपेगचं १९९२ सालचं मानक अजून मैदान मारतंय म्हणायचं.

जुलैत पावसानं घरी बसवलं तेव्हा मेनूत रॉसाठी १४ ऐवजी १२ बिटचा पर्याय सापडला. फाइल हलकी होते, आणि रंकाळ्याच्या संध्याकाळीतसुद्धा मला फरक दिसत नाही. एवढं सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं तर किती जीबी वाचले असते, याचा हिशेब करून मी दोनदा जेवण थंड केलंय. आता गुलाल आणि मावळतीला रॉ, तिन्ही रंगांचे वेगळे आलेख चालू, एक्स्पोजर थोडं खाली. बाकी जेपेग.

कालपासून डिस्क साफ करतोय. रंकाळ्यावरच्या भेळीचे ४३ रॉ सापडले. एक जीबीहून जास्त भेळ.