युद्धविराम कोणाच्या पथ्यावर पडतो? ग्वाल्हेरच्या वादपटूंसाठी दोन दाखले

‘तात्पुरत्या युद्धविरामाचा लाभ दुर्बल पक्षालाच होतो’ या विषयावर ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी वक्तृत्वस्पर्धेत बाजू निवडायची झाल्यास १८०३ चे इंग्रज-मराठा युद्ध आणि १९४८ चे अरब-इस्रायल युद्ध हे दोन दाखले शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला आपल्याच दरबारचा आहे. असईच्या पराभवानंतर दोन महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १८०३ रोजी, दौलतराव शिंद्यांच्या वकिलांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी लढाई थांबवण्याचा करार केला. दम खायला सवड मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण दिल्ली आणि लासवारी येथे शिंद्यांचे उत्तरेतले कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या पलटणी) आधीच मोडले असल्याने सवड मिळूनही कुमक यायची कोठून? वेलस्लीला मात्र नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्याला वेढा घालायचा होता आणि त्या वेढ्याला शिंद्यांच्या घोडदळाचा उपद्रव नको होता. त्याने शिंद्यांचे साथी असलेल्या भोसल्यांना, त्यांचा वकील आलेला नाही म्हणून, करारातून वगळले आणि शिंद्यांच्या फौजेने अचलपूरच्या पूर्वेस दूर सरकावे, अशी अट घातली. फौज सरकली नाही. २९ नोव्हेंबरला अडगावच्या मैदानात ती भोसल्यांच्या फौजेसह उभी दिसताच वेलस्लीने हल्ला चढवला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात गंगा-यमुनेचा दुआब, भडोच आणि अहमदनगर गेले. अट पाळली असती तरी भोसले एकटे पडले असते, म्हणजे डाव दोन्ही बाजूंनी वेलस्लीचाच होता.

१९४८ मध्ये उलटे घडले. ११ जूनपासून चार आठवडे अरब सैन्ये आणि इस्रायल यांच्यातली लढाई थांबली. शस्त्रबंदी दोन्ही बाजूंवर होती. ब्रिटनने पुरवठा रोखल्याने ब्रिटिश शस्त्रांवर विसंबलेल्या अरब सैन्यांची अडचण झाली, तर इस्रायलने बंदी चुकवून चेकोस्लोव्हाकियातून शस्त्रे आणली आणि जेरुसलेमकडे काढलेल्या नव्या रस्त्याने वेढ्यातल्या वस्तीला रसद पोहोचवली. जुलैत लढाई पुन्हा पेटली, तेव्हा लोद आणि रामले इस्रायलच्या हाती पडले.

माझ्या मते विषयाच्या विरोधात बोलणे सोपे आहे, कारण १८०३ चा दाखला थेट लागू पडतो. बाजूने बोलणाऱ्याने दुर्बलतेपेक्षा वाटेवर असलेल्या मदतीवर भर द्यावा. १८१३ च्या जूनमध्ये नेपोलियनने, मुख्यतः घोडदळ उभारण्यासाठी, लढाई थांबवली होती. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रिया त्याच्या शत्रूंना जाऊन मिळाला. परीक्षकाने या दाखल्यावर प्रश्न टाकला, तर उत्तर तयार असू द्यावे.