जुने मॅग्नेप्लेनर स्पीकर: दुरुस्तीनंतर एक पावसाळा वापरून

मॅग्नेप्लेनर म्हणजे पातळ पडद्यातून आवाज काढणारा सपाट स्पीकर. जुन्या जोडीची किंमत त्यातल्या गोंदावर ठरवावी. मायलरच्या (पातळ प्लास्टिकच्या) पडद्यावर ॲल्युमिनियमची तार चिकटवलेली असते. वय आणि उन्हामुळे गोंद भुगा होतो, तार सुटते आणि खर्जात फरफर ऐकू येते. लाकडाची फ्रेम चकचकीत असली तरी आतली तार लोंबत असू शकते.

घेण्याआधी मल्टिमीटरने रोध मोजा. दोन्ही स्पीकरचे आकडे जवळपास सारखे हवेत, साधारण ३ ते ५ ओहम. मग मोबाइलवरून साइन टोन (एकच सलग सूर) वाजवून ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश फिरवा. फरफर आली तर तार सुटली आहे किंवा मागच्या लोखंडी पत्र्यावरची चुंबकपट्टी हलली आहे. पट्टी हलली असेल तर सौदा सोडावा, असं माझं मत. आवाज नुसताच बोदा वाटला तर आधी ट्वीटरचा, म्हणजे वरचे स्वर देणाऱ्या भागाचा, फ्यूज पाहा.

दुरुस्तीसाठी स्टेपल काढून कापडी खोळ उतरवायची. तार बाहेरच्या बाजूलाच असते, पडदा सोडवावा लागत नाही. जुना भुगा मऊ ब्रशने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. बोटाने दाबलं तर मायलरला पोचा पडतो. मग थ्री-एम ३०एनएफ हा पाण्यावर आधारित गोंद बारीक ब्रशने तारेवर पातळ लावायचा. जाड थर दिला की पडद्याचं वजन वाढतं आणि वरचे स्वर मंदावतात, हा सर्वांत जास्त दिसणारा दोष. हे काम पुण्यात फेब्रुवारी ते मे दरम्यानच करावं. जुलैच्या दमट हवेत हा गोंद लवकर सुकत नाही. तार तुटलेली असेल तर साधं सोल्डर ॲल्युमिनियमवर धरत नाही, त्याचा खास फ्लक्स लागतो. क्रॉसओव्हरचे (खालचे-वरचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटचे) नॉन-पोलर कपॅसिटर पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत शोधावेत. फ्यूज मात्र मागे छापलेल्याच मूल्याचा घाला.

पावसाळाभर रोज वाजवूनही फरफर परतलेली नाही. क्वाड कंपनीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरला हजारो व्होल्ट लागतात, दमट हवेत त्यात गळती होते. इथे ती भानगडच नाही, आणि पुण्यासाठी मला हेच पटतं. कंठसंगीत तर अप्रतिम: तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या उमटतात. खर्ज कमी आहे, पखवाजाचा घुमारा पूर्ण येत नाही.

मागच्या भिंतीपासून निदान ३ फूट अंतर हवं, कारण आवाज मागेही तितकाच जातो. लहान खोलीत घेऊ नका. ४ ओहमवर न तापणारा, ताकदीचा ॲम्प्लिफायर आधी ठरवा, स्पीकर नंतर.