केप पेनिन्सुला: टूरची बस की भाड्याची गाडी?

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनहून केप पॉइंट, म्हणजे या द्वीपकल्पाचं टोक, एका दिवसात होतं. बसमध्ये गाइड असतो, आणि तिथे तो हवाच. 1860चं दीपगृह इतकं उंचावर बांधलं की धुक्यात दिसेचना; 1911मध्ये ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज जहाज बेलोज रॉकवर आदळलं, मग खाली नवं दीपगृह आलं. हे एरवी कोण सांगणार? पण बोल्डर्सच्या किनाऱ्यावर पेंग्विन पिलाला भरवत असताना ‘चला, बसा’ ऐकू आलं, की जीव चरफडतो.

गाडी तिथेही डावीकडूनच चालवायची, त्यामुळे आपल्याला सोपं. चॅपमन्स पीकच्या डोंगरकड्यावरच्या रस्त्याला 114 वळणं, टोल भरा आणि व्ह्यूपॉइंटवर हवा तितका वेळ थांबा. काचा मात्र बंद! बबून माकडं थेट खाऊच्या पिशवीवरच झडप घालतात. मी गाडीच घेईन. दरडीमुळे रस्ता बंद नसेल तर.